अडथळा नसताना फुगलेले मोठे आतडे: किती थांबावे आणि थांबताना काय करावे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कोणत्या रुग्णाविषयी बोलते आहे हे इतर वाचकांनाही कळेल. फोंड्याजवळच्या एका लहान रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तुम्ही रात्रपाळी करता. ७१ वर्षांचे एक गृहस्थ पावसात अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया होऊन त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. आता तीन दिवस त्यांचे पोट फुगते आहे. सीटी स्कॅनमध्ये कुठेही अडथळा दिसत नाही, पण सीकमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा, व्यास १०.५ सेंटिमीटर भरला आहे. फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक चालू आहे, पोटॅशियम ३.१ म्हणजे कमी आहे, क्रिएटिनिन १.७ आहे, म्हणजे मूत्रपिंड थकलेले आहे, आणि नाडी मंदावणाऱ्या मेटोप्रोलॉलमुळे नाडी ५८ आहे. शल्यचिकित्सक म्हणतात की ऑपरेशनची गरज नाही, फिजिशियन म्हणतात की आतड्याला चालना देणारे निओस्टिग्मिनचे इंजेक्शन द्या, भूलतज्ज्ञ म्हणतात की या नाडीवर ते देऊ नका, आणि मुलगा विचारतो की अडथळाच नाही तर पोट कशाने फुगले. इंजेक्शन द्यावे की थांबावे, असे तुम्ही विचारले आहे.

गोव्यातच अतिदक्षता विभागात २२ वर्षे काम केल्यावर मला असे वाटते की तुमच्यापुढचा खरा प्रश्न इंजेक्शनचा नाही. या रुग्णाच्या सीकमपाशी किती वेळ शिल्लक आहे आणि तो वेळ कोण मोजते आहे, हा खरा प्रश्न आहे. तुम्ही उल्लेखिलेले तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण कोणीही वेळ ठरवून दिलेली नाही, आणि या आजारात माणसे बहुधा तिथेच गमावली जातात. रुग्ण मी पाहिलेला नाही, त्यांचे पोट मी हाताने दाबून पाहिलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहिते ते तुमच्या खाटेजवळच्या निरीक्षणापुढे दुय्यम समजावे.

मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर समजले की उपचारांचा क्रम आपोआप लागतो. मोठ्या आतड्याच्या पहिल्या भागाला, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या वळणापर्यंत, चालना देणाऱ्या तंतूंचा पुरवठा व्हेगस मज्जातंतूकडून होतो आणि त्यापुढच्या भागाला मज्जारज्जूच्या खालच्या टोकाजवळच्या भागातून निघणाऱ्या तंतूंकडून. मोठी शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, वेदनाशामके, क्षारांची घसरण अशा कारणांनी हा तोल बिघडतो आणि पुढचा भाग लकवा झाल्यासारखा निपचित पडतो. मागून वायू येत राहतो, पुढे सरत नाही. नळी कुठेही बंद झालेली नसते, तरी चित्र मात्र बंद नळीचे दिसते. लंडनचे शल्यचिकित्सक हेनेज ऑगिल्वी यांनी १९४८ मध्ये अशा दोन रुग्णांचे वर्णन केले. दोघांच्याही पोटात मागच्या बाजूला मज्जातंतूंच्या जाळ्यापाशी कर्करोग पसरलेला होता. आज आपण पाहतो ते बहुतेक रुग्ण तसे नसतात. ते तुमच्या रुग्णासारखे, दुसऱ्याच कशासाठी दाखल झालेले, वयस्क आणि अंथरुणाला खिळलेले असतात. या आजाराला नाव मात्र ऑगिल्वींचेच राहिले: ऑगिल्वी सिंड्रोम.

सीकमलाच एवढे महत्त्व का? मोठ्या आतड्याची उजवीकडची ही सुरुवातीची पिशवी, जिला मराठी पुस्तकांत उंडुक म्हणतात, सगळ्या मोठ्या आतड्यात सर्वांत रुंद असते. आतला दाब सगळीकडे सारखा असला तरी जिथे व्यास जास्त तिथे भिंतीवरचा ताण जास्त. ताण वाढला की भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि शेवटी ती फाटते. साधारणपणे ९ सेंटिमीटरपर्यंतचा व्यास चालतो. १२ सेंटिमीटर ओलांडले किंवा फुगवटा ६ दिवसांहून अधिक टिकला की धोका स्पष्टपणे चढतो. हे आकडे उंबरठ्यासारखे आहेत, कुंपणासारखे नाहीत. हळूहळू फुगलेले १३ सेंटिमीटरचे सीकम टिकलेले मी पाहिले आहे आणि दोन दिवसांत भरभर वाढलेले ११ सेंटिमीटरचे काळे पडलेलेही पाहिले आहे. म्हणून एका आकड्यापेक्षा वाढीचा वेग मला अधिक सांगतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला किंवा ते फुटले की अशा १० रुग्णांपैकी साधारण ४ जण दगावतात, आणि तोवर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

वेळ मोजण्याविषयी मी इतका आग्रह का धरते, ते एका अनुभवावरून सांगते. खूप वर्षांपूर्वी, नाव न घेता सांगते, अशाच एका रुग्णाच्या कागदावर ‘सध्या शस्त्रक्रियेविना उपचार चालू ठेवावेत’ असे लिहिले होते. सकाळच्या पाळीने ते वाचले, दुपारच्या पाळीने वाचले, रात्रीच्या पाळीनेही वाचले, आणि प्रत्येकाने प्रामाणिकपणे ते चालू ठेवले. थांबण्याचे दोन दिवस कधी पाच झाले हे कोणालाच कळले नाही. पाचव्या दिवशी पहाटे रक्तातले लॅक्टेट (रक्तपुरवठा तुटल्याची खूण) चढले, एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली मोकळा वायू दिसला, म्हणजे आतडे फुटले होते, आणि शस्त्रक्रिया करूनही बाई वाचल्या नाहीत. त्या पाळ्यांपैकी एक माझी होती. तेव्हापासून अशा रुग्णाच्या कागदावर मी तीन ओळी लिहिल्याखेरीज खाट सोडत नाही: आज सीकम किती, पुढचा एक्स-रे किती वाजता, आणि कोणत्या तारखेला किती वाजता ‘थांबणे’ संपणार.

आता तुमच्या रुग्णाकडे येते. सीटीत अडथळा नाही असे तुम्ही म्हणता, ते चांगले. पण स्कॅन कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य, देऊन केलेला होता का, आणि रेडिओलॉजिस्टने गुदाशयापर्यंत सगळे आतडे पाहून तसे लिहिले आहे का, हे एकदा खात्री करून घ्या. क्रिएटिनिनच्या भीतीने साधा स्कॅन झाला असेल तर भिंतीचा रक्तपुरवठा कसा आहे हे त्यातून कळणार नाही. सिग्मॉइडला, म्हणजे गुदाशयाआधीच्या आतड्याच्या वळणाला, पीळ पडलेला असेल तर सगळी दिशाच बदलते. पातळ शौच थोडी थोडी होते आहे म्हणून अडथळा नाही असे समजू नये. अडथळ्यातही आणि या आजारातही ती होऊ शकते. बोटाने गुदाशय तपासून घट्ट मळाचा गोळा नाही ना ते पाहा. हे काम सोपे म्हणून राहून जाते. न्यूमोनियासाठी प्रतिजैविके चालू असल्याने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूची तपासणी पाठवा, कारण त्या संसर्गानेही मोठे आतडे असेच फुगते आणि तिथे निओस्टिग्मिनची जागा नाही.

यानंतर औषधांचा तक्ता हातात घ्या आणि एकेका औषधाला विचारा की तू आतड्याला झोपवतोस का. फेंटानिल झोपवते, ट्रामाडॉल झोपवते. पोटात मुरडा येतो म्हणून रात्री कोणीतरी हायोसिनचे इंजेक्शन लिहिलेले मला अनेकदा सापडले आहे. आतडे आधीच निपचित, त्यावर त्याला आणखी निपचित करणारे औषध. झोपेसाठी दिलेले प्रोमेथाझिन, जुनी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची गोळी, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम, हेही तपासा. फेंटानिल एकदम बंद करा असे मी म्हणणार नाही. मोडलेल्या खुब्याच्या वेदनेने नाडी, श्वास आणि झोप सगळेच बिघडते. भूलतज्ज्ञांना मांडीच्या वरच्या भागात मज्जातंतूचा ब्लॉक देण्याची विनंती करा आणि नियमित पॅरासिटामॉल द्या, म्हणजे फेंटानिल निम्म्यावर आणता येईल. तुमच्या रुग्णाला याचा जितका फायदा होईल तितका दुसऱ्या कशाचा होणार नाही असे मला वाटते.

पोटॅशियम ३.१ वर आतडे हलण्याची अपेक्षा करू नका. मी ते ४ च्या वर आणि मॅग्नेशियम २ च्या वर नेते. मूत्रपिंड थकलेले असल्याने तुम्हाला ते सावकाश आणि पुन्हा पुन्हा तपासत करावे लागेल, पण करायलाच हवे. पोटॅशियम कमी आणि अफूवर्गीय औषध चालू, अशा स्थितीत निओस्टिग्मिन दिले तर प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी होते. म्हणजे आज घाईने इंजेक्शन दिले आणि ते निष्फळ ठरले तर तुमच्या हातातले चांगले औषध नाहक बदनाम होईल.

नाकातून जठरात गेलेली रायल्स ट्यूब मोकळी सोडा, गुदद्वारातून वायू काढणारी मऊ फ्लेटस ट्यूब जोर न लावता आत घाला आणि तिला पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा; बुडबुडे दिसतात की नाही हे परिचारिकेला सांगता येते. कूस बदलण्याला औषधाइतके महत्त्व द्या. खुबा ताजा असल्याने पालथे झोपवणे तुम्हाला कठीण जाईल. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवून दर तासाला डावी आणि उजवी कूस करा. हे ‘शक्य असल्यास’ असे लिहू नका, वेळ लिहा. बेंबीच्या पातळीवर दोन्ही बाजूंना मार्करने खूण करून प्रत्येक पाळीत त्याच खुणांवरून टेप लावा, नाहीतर तीन परिचारिका तीन वेगळ्या जागी मोजतील. लघवीच्या नळीतून पोटातला दाबही मोजा; तो पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर जाऊन लघवी कमी होऊ लागली किंवा व्हेंटिलेटरचा दाब चढू लागला तर तुमच्याकडचा वेळ संपला असे समजा.

एक्स-रे दर १२ तासांनी काढा. खाटेजवळच्या यंत्राने काढलेल्या चित्रात आकार थोडा मोठा दिसतो, म्हणून त्याची तुलना सीटीतल्या साडेदहाशी करू नका. एक्स-रेची तुलना एक्स-रेशी, तेच अंतर आणि तीच स्थिती ठेवून करा. मी फिल्मवर पट्टी ठेवून स्वतः मोजते आणि आकडा पेनने तिथेच लिहिते.

लॅक्टुलोज हे शौचाचे औषध देऊ नका. शौचास झाली नाही की ते लिहिण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण आतड्यातले जिवाणू त्याचा वायू करतात आणि आपल्याला नको असलेली तीच गोष्ट वाढते.

एवढे केल्यावर किती थांबावे? पुस्तकी उत्तर ४८ ते ७२ तासांचे आहे, आणि बहुतेक रुग्णांचे पोट तेवढ्यात उतरतेही. पण घड्याळ पोट फुगायला लागले तेव्हापासून चालू होते, तुम्हाला प्रश्न पडला तेव्हापासून नव्हे. तुमच्या रुग्णाचे तीन दिवस झाले आहेत. म्हणून मी त्यांना ७२ तास देणार नाही. क्षार दुरुस्त करणे, फेंटानिल कमी करणे, नळ्या आणि कूस यांसाठी २४ तास. उद्या संध्याकाळच्या एक्स-रेत सीकम कमी झालेले नसेल तर पुढची पायरी. मधल्या काळात ते १२ वर गेले तर त्याच क्षणी पुढची पायरी.

ही पुढची पायरी बहुधा निओस्टिग्मिनची असते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण काटेकोर चाचणीत २१ रुग्णांपैकी ११ जणांना २ मिलिग्रॅम निओस्टिग्मिन शिरेतून दिले आणि १० जणांना नुसते सलाइन. पहिल्या गटातल्या १० जणांचे पोट उतरले, दुसऱ्या गटातल्या एकाचेही नाही, आणि प्रतिसादाला लागलेला मध्यक वेळ होता ४ मिनिटे. माझ्या अनुभवातही असेच होते. औषध पाच मिनिटांत सावकाश जाते, खोलीत कोणी बोलत नाही, सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर असतात, मग पोटात गुरगुर ऐकू येते, परिचारिका बेडपॅन सरकवते, आणि ढोलासारखे ताठ पोट हाताखाली मऊ होत जाते. व्हेंटिलेटरवरचा दाबाचा आकडाही त्याच वेळी खाली येतो. ज्या घरच्यांनी तीन दिवस ‘पोट फुगलां’ एवढेच म्हणत काचेबाहेर काढले, त्यांना हे सांगायला जाणे ही या कामातली मोठी समाधानाची गोष्ट आहे.

पण तेच औषध नाडी थांबवूही शकते, आणि त्यावरचे प्रतिऔषध म्हणजे अ‍ॅट्रोपिन. भरलेली अ‍ॅट्रोपिनची सिरिंज हातात असल्याशिवाय, ईसीजी चालू असल्याशिवाय आणि तुम्ही स्वतः निदान अर्धा तास खाटेजवळ उभे राहणार असल्याशिवाय ते देऊ नका. दमा उफाळलेला असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदयाच्या ठोक्यांत अडथळा असेल किंवा आतडे फुटल्याची शंका असेल तर देऊच नका. भूल उतरवण्यासाठी शस्त्रक्रियागृहात ग्लायकोपायरोलेट (निओस्टिग्मिनचा असा परिणाम रोखणारे औषध) मिसळलेले जे जोड इंजेक्शन असते, ते घाईत उचलले जात नाही ना, लेबल वाचा. मला नुसते निओस्टिग्मिन लागते आणि प्रतिऔषध वेगळे, माझ्या हातात.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात. निओस्टिग्मिन मिळत नाही असे लहान ठिकाणचे डॉक्टर सांगतात, तेव्हा मी त्यांना सर्पदंशाचा कप्पा उघडायला सांगते. नाग चावल्यावर पक्षाघातासाठी अ‍ॅट्रोपिनसह ते ठेवलेले असते. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. कीटकनाशक पिऊन आलेल्या रुग्णाला तासन्‌तास अ‍ॅट्रोपिन चालते आणि मात्रा जास्त झाली की त्याचेही मोठे आतडे असेच फुगते. तिथे निओस्टिग्मिनचा विचारही करू नये, कारण विषाने जे केले तेच हे औषध करते. तिथे उपाय एकच, अ‍ॅट्रोपिनची मात्रा पुन्हा तपासणे.

तुमच्या भूलतज्ज्ञांची भीती मला योग्य वाटते. नाडी ५८, वर मेटोप्रोलॉल, आणि क्रिएटिनिन १.७. निओस्टिग्मिनचा जवळपास निम्मा भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, म्हणून अशा रुग्णात त्याचा परिणाम लांबतो आणि अ‍ॅट्रोपिनचा परिणाम आधी ओसरू शकतो. मेटोप्रोलॉल कशासाठी चालू आहे ते आजच शोधा. केवळ रक्तदाबासाठी असेल तर ते थांबवून दुसरे काही देता येईल आणि उद्यापर्यंत नाडी थोडी वर येईल. मग मी १ मिलिग्रॅम सावकाश देईन, किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत वापरतात तसे ताशी ०.४ मिलिग्रॅमने पंपावर चालवीन आणि प्रत्येक तासाला नाडी पाहून पुढे जाईन. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी असेल तर ते अचानक तोडणे घातक आहे, आणि मग निओस्टिग्मिन बाजूला ठेवून थेट कोलोनोस्कोपीकडे, म्हणजे दुर्बिणीने आतड्यातला वायू काढण्याकडे, वळणे मला अधिक सुरक्षित वाटते.

कोलोनोस्कोपीने वायू काढणे हे अनुभवी हाताचे काम आहे. आतडे साफ करण्याचे तोंडावाटे औषध न देता, शक्यतो कार्बन डायऑक्साइड वापरून आणि तोही अगदी कमी, दुर्बीण उजव्या बाजूपर्यंत नेऊन तिथे नळी ठेवून यावे लागते; नळी ठेवली नाही तर पोट पुन्हा फुगण्याचे प्रमाण बरेच आहे. भिंत काळवंडलेली दिसली तर तिथेच थांबून शल्यचिकित्सकांना बोलवायचे.

तुमच्या रुग्णालयात कोलोनोस्कोपी करणारे कोणी नाही असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. म्हणून हलवण्याचा निर्णय आज घ्या, उद्या रात्री नको. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा जिथे ही सोय आहे तिथे आजच फोन करून रुग्णाची माहिती द्या, जागा विचारून ठेवा. १०८ ची गाडी बोलावल्यावर येते, पण व्हेंटिलेटरवरचा रुग्ण पावसात घाट-वळणांवरून नेताना नाडी आणि रक्तदाब स्थिर असावे लागतात. सीकम ११ असताना हललेला रुग्ण बहुधा नीट पोहोचतो. फुटल्यावर हलवलेल्याविषयी मी तसे म्हणू शकत नाही.

पोट उतरले की काम संपत नाही. पुढचे दोन-तीन दिवस सकाळचा एक्स-रे चालू ठेवा आणि नाकातल्या नळीतून पॉलिएथिलीन ग्लायकॉल या शौच मऊ करणाऱ्या औषधाची रोजची मात्रा सुरू करा. ३० रुग्णांच्या एका अभ्यासात ते दिलेल्या कोणाचेच पोट पुन्हा फुगले नाही आणि न दिलेल्यांपैकी एकतृतीयांश जणांचे फुगले. लॅक्टुलोजसारखा त्याचा वायू होत नाही.

शस्त्रक्रियेची वेळ कधी येते, तर आतडे फुटले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला असे वाटले, अथवा बाकी सगळे करून पाहिले आणि तरी सीकम वाढतच राहिले, तेव्हा. बेशुद्ध ठेवलेल्या रुग्णाचे पोट दाबल्यावर तो ओरडत नाही, म्हणून उजव्या खालच्या पोटातला ताठरपणा, चढणारे लॅक्टेट, नव्याने आलेला ताप आणि वाढणारी नाडी यांवर विसंबावे लागते. तुमच्या रुग्णाला मेटोप्रोलॉल चालू असल्याने नाडी फारशी वाढणार नाही, हे रात्रीच्या पाळीला स्पष्ट सांगा. शल्यचिकित्सक आज ‘गरज नाही’ म्हणाले, ते आजपुरते बरोबर आहे. उद्या सकाळचा आकडा घेऊन त्यांना पुन्हा खाटेजवळ बोलवा, फोनवर विचारू नका.

मुलाला मी असे सांगितले असते: वडिलांच्या आतड्यात दार बंद झालेले नाही, पण आतड्याची चाल थांबली आहे. ती परत यावी म्हणून आम्ही अमुक गोष्टी करतो आहोत, उद्या संध्याकाळी सहा वाजता पुन्हा मोजणार आहोत आणि तेव्हा फरक नसेल तर पुढे काय करणार हे आजच ठरलेले आहे. ती वेळ त्याला सांगा आणि कागदावरही लिहा. उद्या सहा वाजता तो दारात उभा असेल, आणि तुमच्या जागी दुसरा डॉक्टर असला तरी एक्स-रे निघेल.